नाण्यांचे हिरवे अश्रू

पोतोसी शहराच्या अगदी वरच्या वस्तीत, जिथे घरं संपतात आणि खाणींचा डोंगर सुरू होतो, तिथे सेलेस्तिना पुइताच्या अंगणात शुक्रवारी माणूस मावत नसे. कोणी काठी टेकत येई, कोणी भावाच्या पाठीवर बसून. भिंतीला टेकून घोंगड्यांवर पुरुषांची रांग लागलेली असे आणि त्यांच्यात म्हातारा एखादाच. बाकीचे चाळिशीतले, पस्तिशीतले. खांदे अजून रुंद, पण श्वास ओढताना गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या ताठ होत. सगळ्यांना एकच रोग होता, खाणीचा. खडकात भोकं पाडताना उडालेली धूळ छातीत जाऊन बसली होती आणि ती तिथून काढणं कुठल्याच डॉक्टरला जमत नव्हतं.

ती काढायला रोसेंदो नावाचा वैदू आला होता. लोक त्याला आदराने ताता, म्हणजे बाबा, म्हणत.

आतल्या खोलीत टेबलावर पांढरं कापड घातलेलं असे आणि त्यावर एक अल्बम उघडा ठेवलेला. त्याच्या मऊ, पारदर्शक प्लास्टिकच्या पानांना खिसे होते आणि खिशाखिशात जुनी चांदीची नाणी. या नाण्यांना अश्रू फुटले होते. हिरवेगार, दाट, चिकट. एका नाण्यावर तर कोरलेल्या चेहऱ्याच्या बरोब्बर डोळ्याखाली थेंब साचला होता. लोक वाकून पाहत, छातीवर क्रूस काढत आणि मागे सरत. बायका हुंदके देत.

"हा डोंगर रडतोय, बाबांनो," रोसेंदो सांगे. त्याचा आवाज मोठा नव्हता, गोड होता. "तुमच्या आज्यापणज्यांनी चांदी काढली. तिचीच ही नाणी. जे आत गेले आणि आतच राहिले, ते आता डोळ्यांवाटे बाहेर येतायत. धूळ डोंगराची, तर औषधही डोंगराचंच. चांदीच चांदीला हाक मारते."

वाक्यं मोठी देखणी. उचलून हलवून पाहिली तर आतून खडासुद्धा वाजत नव्हता. पण ज्याचा श्वास अडकलाय तो वाक्यं हलवून पाहत नाही.

अश्रूंचं पाणी तो छोट्या बाटल्यांतून देई. पैशाला हात लावत नसे. पैसा विटाळतो म्हणे. बायकांनी शालीला लावायची चांदीची टाचणी टेबलावर ठेवली तरी चाले, चांदीला विटाळ नसतो. सकाळी उपाशीपोटी घोटभर घ्यायचं. मळमळेल, उलटी होईल. घाबरायचं नाही. उलटीवाटे धूळच बाहेर पडते. आणि एक गोष्ट मात्र कडक पाळायची: दवाखान्याच्या गोळ्या बंद. गोळ्या आणि अश्रू एका पोटात नांदत नाहीत.

सेलेस्तिना हे सगळं चुलीपाशी उभी राहून ऐके. घर तिचं, नाणी तिच्या सासऱ्याची, आणि रांगेतला पहिला रोगी तिचा नवरा, सेवेरो.

सासऱ्याला नाण्यांचा नाद होता. जुना बाजार, मोडीत निघालेल्या पेट्या, कुणाच्या तरी मेलेल्या आजीचं गाठोडं, असं कुठूनकुठून त्याने एकेक नाणं जमवलं. कागदात गुंडाळून तंबाखूच्या डब्यात ठेवायचा. तो गेला तेव्हा सेवेरो नुकताच खाणीतून कायमचा वर आला होता. दिवसभर घरात बसून माणूस भिंती तरी किती बघणार? त्याने बाजारातून हा अल्बम आणला आणि बापाची नाणी त्यात ओळीने लावली. लावून झाली की काढायचा आणि पुन्हा वेगळ्या क्रमाने लावायचा. आल्यागेल्याला दाखवायचा. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जुना सेवेरो दिसायचा, म्हणून सेलेस्तिनाने कधी हटकलं नाही. पुढे खोकला वाढला, हात थकले, आणि अल्बम चुलीमागच्या फळीवर उबेत पडून राहिला.

मृतांच्या दिवशी तिने सासऱ्याच्या नावाने ताट वाढलं, पावाच्या बाहुल्या मांडल्या आणि त्याच्या आवडीची वस्तू म्हणून अल्बम खाली काढून उघडला. नाणी रडत होती. तिने खोटं काही केलं नव्हतं. तिने पाहिलं आणि शेजारी हाक मारली. शेजारच्या बासिलियाने पाहिलं. ती तिची कोमाद्रे, पोरीच्या बाप्तिस्म्यापासून जोडलेली जिवाभावाची बहीणच. बासिलियाचा नवरा लिनो त्याच खाणीत, त्याच धुळीने गेलेला, म्हणजे अजून जिवंत, पण गेल्यातच जमा. तिने गल्लीत सांगितलं, गल्लीने बाजारात, आणि बाजारातून ताता रोसेंदो आला. फसवणारा नेहमी सर्वांत शेवटी येतो. आधी आपण चूल पेटवून, आधण ठेवून त्याची वाट पाहत असतो.

पहिल्या घोटानंतर सेवेरोला भडभडून उलटी झाली आणि तो हसला. म्हणाला, "निघाली बघ." त्या दिवशी तो दारापर्यंत स्वतः चालत गेला. सेलेस्तिनाने त्याच्या गोळ्या कोनाड्यात मागे सरकवल्या.

नंतर मात्र तो दारापर्यंत गेला नाही. अंगात ताप राहू लागला. पोटात काही ठरेना. उलटीत लाल रेघा दिसू लागल्या तेव्हा तिने रोसेंदोला विचारलं. तो म्हणाला, खोलवरची धूळ निघतेय, ती खरवडत येते.

त्या दिवसापासून तिच्या मनात काहीतरी टोचत राहिलं. डब्यात काही नाणी अजून तशीच होती. ती आकाराने मोठी, अल्बमच्या खिशात बसत नव्हती म्हणून सेवेरोने कागदातच ठेवलेली. तिने एके दुपारी डबा उघडून पाहिला. ती कोरडी ठणठणीत होती. सासरा तोच, डोंगर तोच, चांदी तीच. मग ही का रडत नाहीत? आणि नाण्यांवरचा चिकटा हिरवा, तर बाटलीतलं पाणी निळसर का? रोसेंदो गुरुवारी दार लावून एकटाच अश्रू गोळा करी. इतक्याशा थेंबांतून एवढ्या बाटल्या कशा भरत होत्या?

हे कुणाला विचारायचं तर भीती. शंका घेतली म्हणून सेवेरोचं काही बरंवाईट झालं तर? ती स्वतःलाच रागावली. पण रागावून टोचणं थांबत नाही.

सेलेस्तिना सकाळी शाळेच्या फाटकाशी जांभळ्या मक्याची गरम पेज आणि तळलेल्या पुऱ्या विकत असे. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या ओरोपेसाबाई रोज तिथे उभ्या राहून पेज पीत. उंच, करड्या केसांच्या, बोलायला तुटक. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी एक काचेचं कपाट केलं होतं, शहराच्या टांकसाळीत पाडलेल्या जुन्या नाण्यांचं. सेलेस्तिनाने ते कितीदा येताजाता पाहिलं होतं.

त्या सकाळी तिने पेज ओतली आणि पेला हातातच धरून ठेवला.

"बाई, तुमच्या कपाटातली नाणी कधी रडतात का?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. हसल्या असत्या तर सेलेस्तिना पुढे एक अक्षर बोलली नसती. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझी रडतात?"

मग सगळं बाहेर आलं. अल्बम, अश्रू, ताता, बाटल्या, गोळ्या, लाल रेघा. बाईंनी मध्ये तीनचार प्रश्न विचारले. प्लास्टिक मऊ आहे का कडक? नव्या रबरी चपलेसारखा वास येतो का? डब्यातली कोरडी आहेत, हे नक्की? गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलंय? सेलेस्तिनाने शालीच्या गाठीतून बाटली काढून दाखवली, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. ती उन्हात धरून त्यांनी विचारलं, नवरा हे पितो? रोज?

"पितो."

"आजपासून थेंबसुद्धा नाही. आणि कोनाड्यातल्या गोळ्या आहेत ना, त्या क्षयाच्या आहेत. त्याला धुळीचा रोग आहेच, वर क्षय झालाय. खाणवाल्यांना तो होतोच. धूळ निघत नाही, पण क्षय बरा होतो. तुमच्या ताताने नेमकं तेवढंच बंद केलंय."

सेलेस्तिनाच्या हातातली पेज निवून गेली होती. तिने विचारलं, "म्हणजे मी मारतेय त्याला?"

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "पण घरात एकटीला सांगून भागणार नाही. अंगणात बसलेल्यांचं काय?"

बाईंना अंगणात आणायचं म्हणजे काय, ते सेलेस्तिनाला कळत होतं. तिचं घर आता नुसतं घर राहिलं नव्हतं. लोक उंबऱ्याला हात लावून आत येत. बासिलिया तर रोज सकाळी आधी तिच्या दाराकडे तोंड करून हात जोडे. या सगळ्यांच्या हातातून ती काय काढून घेणार होती? आणि बदल्यात देणार काय?

त्या संध्याकाळी तिने सेवेरोला सांगितलं. त्याने अंथरुणाशेजारची बाटली हातात घेतली. मग म्हणाला, "नाही प्यायलो तर काय राहतं माझ्याकडे?"

गोळ्या, ती म्हणाली.

"गोळ्यांनी धूळ जाते?"

नाही, ती म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. पण दुसऱ्या दिवशी बाटली तोंडाला लावली नाही.

शुक्रवारी अंगण भरलं. रोसेंदो आपली वाक्यं म्हणत होता तेव्हा ओरोपेसाबाई आत आल्या आणि टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. पिशवीतून त्यांनी वस्तू काढल्या: जाड कागदाच्या काही चौकोनी चौकटी, एक चिमटा, कापूस, असिटोनची बाटली, सॅंडपेपरने घासलेले खिळे. मग सेलेस्तिनाकडून तंबाखूचा डबा मागून घेतला आणि उघडून सगळ्यांसमोर फिरवला.

"ही सेवेरोच्या वडिलांचीच नाणी. यांना हात लावून बघा."

लोकांनी लावला. कोरडी.

"ही नाणी निष्पाप आहेत," रोसेंदो गोडपणे म्हणाला. "यांनी रक्त पाहिलेलं नाही."

"की प्लास्टिक पाहिलेलं नाही?" बाई म्हणाल्या.

त्यांनी अल्बमचं एक पान बोटांनी दुमडलं. म्हणाल्या, स्वस्तातलं हे प्लास्टिक मुळात कडक असतं, मऊ व्हावं म्हणून कारखान्यात त्यात एक तेल मिसळतात. ते तेल हळूहळू बाहेर पाझरतं. प्लास्टिक जुनं झालं, उबेत राहिलं, की त्यातून आम्लही सुटतं. आपल्या टांकसाळीने त्या काळी चांदीत तांबं सढळ हाताने घातलं होतं. आम्ल तांब्याला खातं, त्याचा हिरवा गंज होतो, तो तेलात मिसळतो. झाले अश्रू. नाणी सांभाळणाऱ्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक असतं, म्हणून तो या पानांत नाणं ठेवत नाही.

मग त्यांनी चिमट्याने ते डोळ्याखाली थेंब असलेलं नाणं काढलं. रोग्यांपासून लांब, अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन असिटोनमध्ये भिजवलं, कापसाने टिपलं आणि कागदी चौकटीत बसवलं. चौकटीला दोन्ही बाजूंनी पातळ, कोरड्या, तेल नसलेल्या पारदर्शक पापुद्र्याची खिडकी होती, काचेसारखी. नाणं स्वच्छ दिसत होतं. "हे भिंतीवर टांगा. महिना जाऊ दे, वर्ष जाऊ दे. रडलं तर मी शाळा सोडीन."

कुजबुज सुरू झाली. रोसेंदोने डोळे मिटले. म्हणाला, "अश्रद्धेचा हात लागला की झरा आटतो. शास्त्रच आहे ते."

"बरं. मग ज्याला माझा हात लागला नाही तिकडे वळू." बाई सेलेस्तिनाकडे पाहत म्हणाल्या, "बाटली तू उचल, सेलेस्तिना. खिळाही तूच बुडव."

सगळं अंगण तिच्याकडे पाहत होतं. तिने टेबलावरची एक बाटली घेतली, पाणी बशीत ओतलं आणि खिळा त्यात ठेवला. फक्त खोकल्याचे आवाज. थोड्या वेळाने तिने खिळा बाहेर काढला. पाण्यात बुडालेला भाग लालसर झाला होता, नव्या तांब्याच्या भांड्यासारखा.

"मोरचूद," बाई म्हणाल्या. "डोंगराखालच्या कारखान्यात जस्त वेगळं करायला पोत्यांनी येतं, तुमच्यातल्या अनेकांनी ती पोती वाहिलीयेत. पाण्यात विरघळलं की निळं होतं. लोखंड दिसलं की त्यातलं तांबं त्यावर जाऊन बसतं. आणि माणसाच्या पोटात गेलं की पोट ते बाहेर फेकतं. ही उलटी म्हणजे छातीतली धूळ नाही. छातीतून पोटात वाटच नाही. ते तुमचं शरीर विष ओकतंय."

रांगेतला एक जण उठून उभा राहिला. पोती वाहिलेला असावा. जवळ येऊन त्याने बशीला बोट लावलं, वास घेतला आणि मान खाली घातली.

रोसेंदोने बोलायला तोंड उघडलं. वाक्य देखणं होणार होतं, पण त्याच्या आधी बासिलिया पुढे आली. तिच्या हातात तिची स्वतःची बाटली होती, लिनोसाठी ठेवलेली. ती ओरडली नाही. तिने बाटलीचं बूच काढलं आणि ती त्याच्यासमोर धरली.

"ताता, तुम्ही प्या."

"निरोग्याने प्यायची नसते, बाई."

"एक घोट. माझ्या माणसाने कितीतरी प्यायलंय. तुम्ही एक घ्या, मी तुमच्या पाया पडते."

रोसेंदो बाटलीकडे पाहत राहिला. सगळं अंगण त्या एका घोटाची वाट पाहत होतं. खरं सांगायचं तर त्यांतल्या अनेकांना अजूनही वाटत होतं की त्याने प्यावं. त्याने बाटली हलकेच बाजूला सारली आणि आपला घोंगडीसारखा पोंचो सावरला. तेवढ्यावर सगळं संपलं. टाचण्यांची पिशवी बायकांनी त्याच्या खांद्यावरून काढून घेतली. कुणी मारलं नाही. मारायला श्वास लागतो, आणि त्या अंगणात तो कुणाकडे होता?

पण तो गेल्यावर राग उतरला तो बाईंवर. बासिलिया त्यांच्यापुढे उभी राहिली. "खोटं होतं ते कळलं. आता खरं काय ते द्या. तुमच्या पिशवीत लिनोसाठी काय आहे?"

बाईंनी मान खाली घातली नाही. म्हणाल्या, धूळ काढणारं औषध माझ्याकडे नाही आणि जगात कुणाकडेच नाही. कुणी आहे म्हणालं तर त्याला आधी प्यायला लावायचं, तू लावलंस तसं. पण क्षय असेल तर त्याचं औषध आहे, फुकट आहे, आणि ते रोज घ्यावं लागतं. जे अजून आत जातात त्यांच्यासाठी पाणी मारून भोकं पाडायची सोय आणि तोंडाला धड मुखवटा आहे, तो मिळत नसेल तर मागावा लागेल, भांडून मागावा लागेल. माझ्या पिशवीत एवढंच आहे.

"एवढंच," बासिलिया म्हणाली आणि जमिनीवर बसून रडू लागली. सेलेस्तिना तिच्याजवळ बसली. त्या दोघींच्या डोळ्यांतलं पाणी रंगहीन होतं आणि त्याने कुणाचाच रोग जाणार नव्हता.

दुसऱ्या सकाळी अंगणातली बरीचशी रांग दवाखान्याच्या ओट्यावर होती. डॉक्टरने सेवेरोला तपासलं. मध्ये खंड पडल्याने उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागतील, तो म्हणाला, आणि जंतू आता गोळ्यांना दाद देतील की नाही हे थुंकीच्या तपासणीनंतरच कळेल. सेलेस्तिनाने तो निकाल येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते तिलाच माहीत. जंतूंनी दाद दिली. ताप उतरला, भूक परतली. धूळ जिथल्या तिथेच आहे. सेवेरो जिना चढू शकत नाही, निजताना तीन उशा लागतात. पण तो आहे.

लिनो राहिला नाही. त्याचा क्षय फार पुढे गेला होता आणि पोट आतून सोललं गेलं होतं. कार्निवलच्या आधी त्याला पुरलं. गोळ्या थांबल्या नसत्या तर तो वाचला असता का, हे डॉक्टर ठामपणे सांगू शकला नाही. बासिलियाने पुन्हा कुणाला तो प्रश्न विचारला नाही. सेलेस्तिनाने मात्र रोज स्वतःला विचारला.

पाऊस सरल्यावर एका दुपारी दार वाजलं. दूरच्या एका खाणगावाहून एक बाई आली होती, पाठीवर पोर, चपला चिखलाने भरलेल्या. तिच्या नवऱ्याला श्वास येत नव्हता. रडणाऱ्या नाण्यांची बातमी तिच्या गावी आत्ता पोचली होती. फसवणुकीची पोचली नव्हती. ती नेहमी मागाहून चालत येते. तिने शालीची चांदीची टाचणी काढून उंबऱ्यावर ठेवली आणि एक थेंब मागितला.

सेलेस्तिनाने सांगितलं की थेंब नव्हताच कधी. बाई ऐकेना. तिला वाटलं, हिला टाचणी कमी वाटतेय. ती कानातलं काढू लागली. "नाही म्हणू नका, ताई. नुसतं पाणी द्या. तुमच्या हातचं द्या. मी इतक्या लांबून रिकामी कशी परत जाऊ?"

किती सोपं होतं तिला एक पेला पाणी देणं. बाई पाया पडली असती आणि आशेने भरलेल्या पावलांनी उतारावरून गेली असती. सेलेस्तिनाला ती आशा ठाऊक होती. तिची चव तिने घेतली होती आणि तिची किंमत लिनोने मोजली होती.

तिने टाचणी उचलून बाईच्या शालीला परत लावली. पोर आपल्या पाठीवर घेतलं.

"नवरा गोळ्या घेतो?"

"बंद केल्या. गावात एक जण म्हणाला, बंद करा."

"तो कोण ते नंतर बघू. आधी चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"दवाखान्यात. ते तुला सांगतील की धूळ निघणार नाही. ते ऐकताना छाती फाटेल तुझी, माझी फाटली होती. पण जे निघतं ते काय, तेही तेच सांगतील. जो खरं सांगतो त्याच्याकडूनच औषध घ्यायचं. रडणारी वस्तू दिसली की आधी विचारायचं, ही कशात ठेवली होती, आणि पाणी कोण भरतं."

बाई रागाने तिच्याकडे बघत राहिली, आपल्याला काहीतरी नाकारलं गेलंय अशा नजरेने. तरी ती मागोमाग चालू लागली. दवाखान्याच्या ओट्यावर दोघी शेवटच्या फरशीवर टेकल्या. पुढे रांग लांब होती.